शाळांमधला वर्णभेद मोडायचा प्लॅन ज्यांनी आखला, ते निकालाच्या दिवशी हयात नव्हते

१९३४ साली अमेरिकेच्या साऊथ कॅरोलिना राज्यात दोन कृष्णवर्णीय वकील गाडी घेऊन गावोगाव फिरत होते. सोबत एक मूव्ही कॅमेरा होता आणि शूटिंग चाललं होतं शाळांचं.

गोऱ्या मुलांची शाळा दिसली की तिचं शूटिंग. विटांची पक्की इमारत, मोठ्या खिडक्या. मग त्याच भागातली काळ्या मुलांची शाळा. ती म्हणजे फळ्या ठोकून उभं केलेलं खोपट, आत दाटीवाटीनं बसलेली पोरं. वरवर बघणाऱ्याला वाटलं असतं की कुणीतरी डॉक्युमेंटरी बनवतंय. पण वकिलाच्या नजरेतून तो पुरावा होता.

त्या दोघांपैकी एकाचं नाव एडवर्ड लव्हेट. दुसऱ्याचं नाव चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन.

अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं १९५४ साली शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवला, हे आपण पुस्तकात वाचलेलं असतं. तो खटला लढवणारे थर्गुड मार्शल पुढे सुप्रीम कोर्टाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश झाले, तेही माहीत असतं. पण मार्शल यांना घडवणारे, कोणता खटला आधी लढायचा आणि कोणता नंतर याचा हिशोब मांडणारे ह्यूस्टन मात्र आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नसतात.

तर ही त्यांची गोष्ट.

एक निकाल आणि आठ महिन्यांचं बाळ

चार्ल्सचा जन्म ३ सप्टेंबर १८९५ चा, वॉशिंग्टन शहरातला. घरात आजोबांची पिढी गुलामगिरीत जन्मलेली. वडील विल्यम दिवसा सरकारी कचेरीत कारकुनी करायचे, रात्रीच्या वर्गांना जाऊन ते वकील झाले. आई मेरी आधी शिक्षिका होती, पुढे श्रीमंत घरांतल्या बायकांच्या केशरचनेचं काम करू लागली. चार्ल्स एकुलता एक. त्याच्या शिक्षणासाठी दोघांनी काहीच कमी पडू दिलं नाही.

तो जेमतेम आठ महिन्यांचा असताना, १८ मे १८९६ ला, सुप्रीम कोर्टानं एक निकाल दिला. होमर प्लेसी नावाचा माणूस लुईझियानामध्ये रेल्वेच्या गोऱ्यांच्या डब्यात बसला होता, म्हणून त्याला अटक झाली होती. कोर्टानं सांगितलं की काळ्या-गोऱ्यांसाठी वेगवेगळे डबे ठेवायला हरकत नाही, फक्त सोयी समान हव्यात.

वेगळं पण समान. या तत्त्वाच्या आधारावर दक्षिणेतल्या राज्यांनी डबे, दवाखाने, पाण्याचे नळ आणि शाळा, सगळं वेगळं ठेवलं. वेगळं झालं. समान मात्र कुणीच केलं नाही, आणि ते केलंय का हे बघायलाही कुणी आलं नाही.

चार्ल्स अभ्यासात हुशार निघाला. ॲमहर्स्ट कॉलेजमधून १९१५ साली तो पदवीधर झाला. त्याच्या वर्गात तो एकटाच कृष्णवर्णीय होता आणि पहिल्या फळीतल्या विद्यार्थ्यांमध्ये होता. त्यानंतर वॉशिंग्टनच्या हॉवर्ड युनिव्हर्सिटीत त्यानं इंग्रजी शिकवायला सुरुवात केली. हॉवर्ड ही प्रामुख्याने कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची युनिव्हर्सिटी. सगळं तसंच चालू राहिलं असतं तर ते इंग्रजीचे प्राध्यापक म्हणून रिटायर झाले असते.

पण १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली.

लष्करातले दोन प्रसंग

कृष्णवर्णीय अधिकाऱ्यांसाठी आयोवातल्या डी मॉईन इथं वेगळा ट्रेनिंग कॅम्प सुरू झाला. ह्यूस्टन तिथून अधिकारी होऊन बाहेर पडले. देश वाचवायला निघालेल्या सैन्यातसुद्धा वर्णभेद होताच. जेवायची सोय वेगळी, राहायची सोय वेगळी.

एकदा छावणीत काळ्या सार्जंटवर झालेल्या आरोपाची बाजू लष्करी कोर्टात मांडायचं काम त्यांच्याकडे आलं. त्यांनी चौकशी केली. आरोपात दम नाही असं त्यांचं मत झालं आणि ते त्यांनी वरिष्ठांना सांगितलं. तरीही शिक्षा झालीच.

दुसरा प्रसंग फ्रान्समधला. वान नावाच्या गावात एका रात्री गोऱ्या अमेरिकन सैनिकांच्या जमावानं ह्यूस्टन आणि त्यांच्या सोबतच्या कृष्णवर्णीय अधिकाऱ्यांना घेरलं. जमाव त्यांना ठार मारायच्या गोष्टी करत होता. मिलिटरी पोलीस वेळेवर आले म्हणून ते वाचले. अंगावर युनिफॉर्म अमेरिकेचा आणि जीवावर उठलेले लोकही अमेरिकेचेच.

तिथेच त्यांनी ठरवलं की जिवंत परतलो तर कायदा शिकायचा, आणि ज्यांना उलटून उत्तर देता येत नाही अशा लोकांसाठी तो वापरायचा.

१९१९ मध्ये ते घरी आले. त्याच उन्हाळ्यात वॉशिंग्टनमध्ये वांशिक दंगल पेटली. त्याच वर्षी त्यांनी हार्वर्डच्या लॉ स्कूलमध्ये नाव घातलं. हार्वर्ड लॉ रिव्ह्यू या नामांकित नियतकालिकाच्या संपादक मंडळावर निवडले गेलेले ते पहिले कृष्णवर्णीय. १९२२ मध्ये कायद्याची पदवी आणि १९२३ मध्ये डॉक्टरेट मिळाली. तिथे त्यांना शिकवणाऱ्यांमध्ये फेलिक्स फ्रँकफर्टर नावाचे एक प्राध्यापक होते. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

काही काळ स्पेनमध्ये शिकून ते परतले आणि वडिलांच्या वकिलीत भागीदार झाले.

आधी वकील तयार करा

दक्षिणेतल्या राज्यांमध्ये अन्याय रोजचा होता, पण तो कोर्टात मांडायला कृष्णवर्णीय वकील हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. गोरे वकील असे खटले घ्यायला सहसा तयार नसत. म्हणजे हक्क कागदावर होते, ते मागायला माणूस नव्हता.

१९२९ मध्ये ह्यूस्टन यांच्याकडे हॉवर्डच्या लॉ स्कूलची सूत्रं आली. त्यांनी पहिला मोठा निर्णय घेतला तो रात्रीचे वर्ग बंद करण्याचा. त्यावरून मोठा गदारोळ झाला, कारण दिवसा नोकरी करून शिकणाऱ्या गरीब विद्यार्थ्यांसाठी तोच एक रस्ता होता. ह्यूस्टन यांचे स्वतःचे वडील त्याच रस्त्यानं वकील झाले होते. पण अर्धवेळ शिकलेला वकील गोऱ्या न्यायाधीशासमोर, गोऱ्या ज्यूरीसमोर टिकणार नाही, असं ह्यूस्टन यांचं गणित होतं. त्यांच्या मते कृष्णवर्णीय वकिलाला चूक करायची मुभाच नव्हती.

त्यांनी शिस्त एवढी कडक केली की विद्यार्थी मागून त्यांना टोपणनावं ठेवायचे. वर्गाची गळती मोठी होती. जे टिकायचे त्यांना ते कोर्टांत आणि तुरुंगांत घेऊन जायचे, कायदा प्रत्यक्षात कसा चालतो ते दाखवायचे. वकील एकतर समाज घडवणारा इंजिनिअर असतो, नाहीतर समाजावर जगणारं बांडगूळ, ही त्यांची शिकवण होती. दोन वर्षांत लॉ स्कूलला राष्ट्रीय पातळीवरची मान्यता मिळाली.

१९३३ च्या बॅचमध्ये पहिला आला थर्गुड मार्शल आणि दुसरा ऑलिव्हर हिल. मार्शल बाल्टिमोरचा. त्याच्या गावातच मेरीलँड युनिव्हर्सिटीचं लॉ स्कूल होतं, पण तिथे काळ्यांना प्रवेश नव्हता. म्हणून तो रोज रेल्वेनं वॉशिंग्टनला यायचा. कॉलेजच्या फीसाठी त्याच्या आईनं आपल्या अंगठ्या मोडल्या होत्या.

आता प्लॅन काय होता?

कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारी सर्वात मोठी संघटना होती एनएएसीपी. १९३५ मध्ये ह्यूस्टन या संघटनेचे पूर्णवेळ वकील झाले आणि न्यूयॉर्कला आले. संघटनेकडे पैसा थोडा होता, समोर डझनावारी राज्यं होती आणि हजारो शाळा होत्या.

थेट सुप्रीम कोर्टात जाऊन १८९६ चा निकाल रद्द करा म्हणावं, तर हरण्याची शक्यता जास्त. आणि हरलं तर तोच निकाल अजून पक्का होणार, पुढची कित्येक वर्षं वाया जाणार.

ह्यूस्टन यांनी त्याच निकालाचं दुसरं टोक पकडलं. वेगळं ठेवताय ना, मग समान करून दाखवा. कोर्टानं दिलेला शब्द राज्यांना पाळायला लावायचा. प्रत्येक ठिकाणी दोन-दोन गोष्टी खरोखर समान करायच्या म्हटल्या की खर्च एवढा वाढेल की वर्णभेद परवडणारच नाही.

सुरुवात कुठून करायची, याचंही त्यांचं उत्तर वेगळं होतं. लहान मुलांच्या शाळांपासून नाही, तर लॉ स्कूलसारख्या वरच्या शिक्षणापासून.

त्यामागे कारणं होती. पहिलं म्हणजे दक्षिणेतल्या राज्यांनी काळ्यांसाठी प्राथमिक शाळा निदान नावाला तरी काढल्या होत्या, पण लॉ स्कूल काढलीच नव्हती. जिथे काहीच नाही तिथे समान आहे असा दावा कोण करणार? दुसरं, विद्यार्थी मोजके आणि वयानं मोठे, त्यामुळे गोऱ्या समाजातून होणारा विरोध त्या मानानं कमी. तिसरं, लॉ स्कूलमध्ये काय मिळतं आणि काय हुकतं, हे न्यायाधीशाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही, तो स्वतः तिथूनच आलेला असतो. आणि चौथं, त्यातून नवे वकील तयार होणार होते.

पहिला घाव मेरीलँडवर बसला. डोनाल्ड मरे हा ॲमहर्स्टचाच पदवीधर. मेरीलँडच्या लॉ स्कूलनं त्याला रंगावरून नाकारलं होतं. ह्यूस्टन आणि मार्शल या गुरू-शिष्यांनी मिळून खटला चालवला. जून १९३५ मध्ये न्यायाधीशांनी मरेला प्रवेश द्यायचा आदेश दिला, पुढच्या जानेवारीत वरच्या कोर्टानं तो कायम केला. ज्या लॉ स्कूलचं दार मार्शल यांच्यासाठी बंद होतं, ते त्यांनी दुसऱ्यासाठी उघडलं. मरे १९३८ मध्ये तिथून पदवी घेऊन बाहेर पडला.

स्टॅम्प आणायला गेलेला माणूस

पण मेरीलँडचा निकाल मेरीलँडपुरताच होता. देशभर लागू होईल असा निकाल सुप्रीम कोर्टाकडूनच हवा होता. तो आणला लॉईड गेन्स या तरुणाच्या खटल्यानं.

गेन्सला मिसुरी युनिव्हर्सिटीच्या लॉ स्कूलमध्ये शिकायचं होतं. राज्यानं सांगितलं, शेजारच्या राज्यात जाऊन शिक, फी आम्ही भरतो. गेन्स नाही म्हणाला.

सुप्रीम कोर्टात जायच्या आदल्या रात्री ह्यूस्टन यांनी हॉवर्डच्या प्राध्यापक आणि विद्यार्थ्यांसमोर आपल्या युक्तिवादाची रंगीत तालीम केली. लोकांनी न्यायाधीश होऊन आडवेतिडवे प्रश्न विचारायचे आणि त्यांनी उत्तरं द्यायची. प्रत्यक्ष सुनावणी झाली ९ नोव्हेंबर १९३८ ला. ह्यूस्टन बोलायला उभे राहिले तेव्हा न्यायमूर्ती मॅकरेनॉल्ड्स यांनी खुर्ची फिरवून त्यांच्याकडे पाठ केली. ह्यूस्टन बोलत राहिले.

१२ डिसेंबरला ६ विरुद्ध २ असा निकाल लागला. गोऱ्यांना राज्यात लॉ स्कूल आहे तर काळ्या नागरिकालाही त्याच राज्यात तसंच शिक्षण मिळालं पाहिजे, बाहेर पाठवून जबाबदारी झटकता येणार नाही, असं कोर्टानं बजावलं. चाळीस वर्षं नुसता कागदावर असलेला समान हा शब्द पहिल्यांदाच राज्याच्या तिजोरीपर्यंत पोहोचला.

मिसुरीनं यावरही पळवाट काढली. काळ्यांसाठी घाईघाईनं वेगळं लॉ स्कूल उघडलं, तेही सेंट लुईसमधल्या एका जुन्या ब्यूटी स्कूलच्या इमारतीत. ते समान नाही म्हणून पुन्हा कोर्टात जायची तयारी सुरू झाली, तेव्हा लक्षात आलं की गेन्सच सापडत नाहीये. १९ मार्च १९३९ च्या संध्याकाळी शिकागोत तो स्टॅम्प आणायला म्हणून बाहेर पडला होता. तो परत कधीच दिसला नाही. त्याचं काय झालं हे आजही कुणाला माहीत नाही.

या लढ्यात कोर्टाच्या कागदावर ज्याचं नाव असायचं, तो सामान्य माणूस काय पणाला लावत होता, हे गेन्सच्या गोष्टीतून कळतं.

काम दुसऱ्यांच्या हाती

तब्येत साथ देत नव्हती. १९३८ मध्ये ह्यूस्टन वॉशिंग्टनला वडिलांच्या ऑफिसात परतले आणि एनएएसीपीची जबाबदारी मार्शल यांच्याकडे आली. पण थांबतील ते ह्यूस्टन कसले. रेल्वेत काम करणाऱ्या कृष्णवर्णीय कामगारांचा खटला त्यांनी १९४४ मध्ये सुप्रीम कोर्टात जिंकला. काळ्यांना घरं विकायची नाहीत अशा करारांविरुद्धचा वॉशिंग्टनचा खटला १९४८ मध्ये जिंकला.

शाळांचा प्रश्न मात्र त्यांना सोडत नव्हता. १९४७ च्या डिसेंबरमध्ये वॉशिंग्टनच्या ब्राऊन ज्युनियर हायस्कूलमध्ये पालकांनी मुलांना शाळेत पाठवणं बंद केलं. काळ्या मुलांची ती शाळा इतकी भरली होती की मुलं पाळ्यांमध्ये बसवावी लागत. या पालकांचा नेता होता गार्डनर बिशप नावाचा एक न्हावी. शिकल्या-सवरल्या, सुटाबुटातल्या कृष्णवर्णीय मंडळींवर त्याचा अजिबात विश्वास नव्हता. तो ह्यूस्टन यांच्याकडे गेला. हार्वर्डचे डॉक्टर आणि तो न्हावी यांचं जमलं. ह्यूस्टन यांनी पालकांचे खटले एक पैसाही न घेता चालवायला घेतले.

इथे त्यांच्या प्लॅनची एक अडचणही उघड होत होती. समान करा, समान करा असं म्हणत राहिलं तर एखादं राज्य खरंच नवीन इमारती बांधून मोकळं होईल, मग काय? आणि घडलंही तसंच. १९५१ मध्ये साऊथ कॅरोलिनानं नवा विक्रीकर लावला आणि काळ्या मुलांसाठी शाळा बांधायला घेतल्या, मुलं वेगळी ठेवता यावीत म्हणून. तिथल्या क्लॅरेंडन काउंटीत १९४९-५० मध्ये गोऱ्या विद्यार्थ्यामागे १७९ डॉलर आणि काळ्या विद्यार्थ्यामागे ४३ डॉलर खर्च होत होते. हा फरक पैशांनी भरून काढता आला असता. पण तू वेगळा बस, हे पोराला रोज ऐकावं लागणं पैशांनी भरून निघणारं नव्हतं. समानतेची मागणी हा दार ढकलायचा मार्ग होता, दारातून आत जायला पुढचं पाऊल लागणारच होतं.

ते पाऊल टाकायला ह्यूस्टन यांच्याकडे वेळ उरला नाही. १९४९ च्या अखेरीस त्यांना हार्ट अटॅक आला. हॉस्पिटलमधून त्यांनी बिशपला निरोप दिला की आता जेम्स नॅब्रिट यांच्याकडे जा. नॅब्रिट हे हॉवर्डचेच प्राध्यापक. त्यांनी खटला घेतला, पण एका अटीवर. आता चांगली शाळा मागायची नाही, वेगळी शाळाच नको असं म्हणायचं.

२२ एप्रिल १९५० ला ह्यूस्टन गेले. वय होतं ५४. मुलगा बो तेव्हा सहा वर्षांचा होता. त्याच्यासाठी त्यांनी एका पुस्तकात निरोप लिहून ठेवला होता. बाबा तुला सोडून पळून गेले नाहीत, तुला आणि सगळ्या मुलांना मोठी संधी मिळावी म्हणून लढता लढता गेले, असा त्याचा आशय.

नंतर काय झालं?

सहाच आठवड्यांनी, ५ जून १९५० ला, सुप्रीम कोर्टाचे दोन निकाल एकदम आले. टेक्ससनं हेमन स्वेट या पोस्टमनला टाळण्यासाठी घाईत वेगळं लॉ स्कूल काढलं होतं, ते समान नाही असं कोर्ट म्हणालं. ओक्लाहोमात जॉर्ज मॅकलॉरिन या वयस्क विद्यार्थ्याला प्रवेश दिला होता पण वर्गाबाहेरच्या खोलीत बसवलं होतं, तेही चालणार नाही असं म्हणालं. म्हणजे इमारत तीच, प्राध्यापक तेच, तरी वेगळं बसवणं हाच अन्याय. इथून थेट हल्ल्याचा रस्ता मोकळा झाला. गंमत म्हणजे स्वेटला टाळायला काढलेलं ते टेक्ससमधलं लॉ स्कूल आज थर्गुड मार्शल यांच्या नावानं ओळखलं जातं.

मग पाच ठिकाणचे खटले सुप्रीम कोर्टात पोहोचले. कॅन्ससमधून ब्राऊन कुटुंबाचा, शिवाय साऊथ कॅरोलिना, व्हर्जिनिया, डेलावेअर आणि वॉशिंग्टन. साऊथ कॅरोलिनासाठी उभे राहिले मार्शल. व्हर्जिनियाच्या खटल्यात १९३३ च्या बॅचमध्ये दुसरे आलेले ऑलिव्हर हिल. वॉशिंग्टनचा खटला नॅब्रिट यांच्याकडे, म्हणजे बिशप न्हाव्यानं सुरू केलेला तोच लढा.

१७ मे १९५४ ला निकाल लागला, नऊ विरुद्ध शून्य. सरकारी शाळांमध्ये मुलांना वर्णावरून वेगळं ठेवणं घटनाबाह्य ठरलं. त्या नऊ न्यायाधीशांमध्ये एक होते फेलिक्स फ्रँकफर्टर, हार्वर्डमधले ह्यूस्टन यांचे प्राध्यापक.

निकाल लागला म्हणून दुसऱ्या दिवशी वर्ग एक झाले नाहीत. १९५५ च्या आदेशात कोर्टानं अंमलबजावणीची तारीखच दिली नाही, आणि राज्यांनी त्याचा पुरेपूर फायदा घेतला. व्हर्जिनियातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीनं तर काळी-गोरी मुलं एकत्र बसवण्यापेक्षा १९५९ पासून पाच वर्षं सगळ्या सरकारी शाळाच बंद ठेवल्या. पण आता फरक एवढा होता की कायदा त्यांच्या बाजूला उरला नव्हता.

१९५८ मध्ये हॉवर्डनं आपल्या लॉ स्कूलच्या इमारतीला ह्यूस्टन यांचं नाव दिलं. मार्शल मोठ्या पदांवर गेले, तरी आपण सगळे ह्यूस्टन यांचीच कामं पुढे नेत होतो, हे ते शेवटपर्यंत सांगत राहिले.

ह्यूस्टन आठ महिन्यांचे असताना आलेला तो निकाल त्यांच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी शाळांपुरता मोडला. म्हणजे ते जवळपास आख्खं आयुष्य त्याच एका निकालाखाली जगले. तो पडताना त्यांना बघता आला नाही. तो पडला तेव्हा त्यांचा बो दहा वर्षांचा होता, शाळेत जायच्या वयाचा.